मोरपंखी की हिरवी?

परवा मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो आमच्या फोटोवेड्या टोळक्याला पाठवले आणि वाद पेटला. मावशीची पैठणी चांगली मोरपंखी. एकाला ती हिरवी दिसली, दुसऱ्याला निळी. "तुझा व्हाइट बॅलन्स गंडलाय" हे ठरलेलं वाक्य आलंच. पण 'बरोबर रंग' ठरवतं कोण? रविवार होता, म्हटलं जरा खणून बघू.

१८६१ साली लंडनला मॅक्सवेलने (हो, इंजिनियरिंगला आपल्याला छळणारी समीकरणं ज्याची, तोच!) चौकड्यांच्या फितीचं रंगीत छायाचित्र पडद्यावर दाखवलं. लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून काढलेली चित्रं एकावर एक टाकून. गंमत म्हणजे त्या काळच्या प्लेटवर लाल प्रकाश उमटतच नसे! फितीच्या लाल भागावरून आलेल्या अतिनील किरणांनी काम भागवलं होतं, हे १९६१ मध्ये कोडॅकच्या राल्फ इव्हान्सने दाखवून दिलं. म्हणजे लाल रंग आला तो चक्क योगायोगाने.

मग १९३१ साली सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने 'प्रमाण निरीक्षक' ठरवला. त्यामागे राइट आणि गिल्ड यांनी ब्रिटनमध्ये तपासलेल्या अवघ्या १७ जणांच्या डोळ्यांची सरासरी! आजही रंगाचं गणित बरंचसं तिथूनच सुरू होतं.

पुढे फोटो लॅबमध्ये प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅकची 'शर्ली कार्डं' आली. त्यावर बहुतेक गोरी बाई. तिची त्वचा नीट उमटली की मशीन बरोबर. सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे मात्र काळ्यात बुडून जायचे.

१९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी आणलं. साध्या सीआरटी मॉनिटरला जेवढे रंग झेपतात, तेवढंच माप. सोय मोठी झाली, एकाचा फोटो दुसऱ्याकडे साधारण तसाच दिसू लागला. पण काही गर्द हिरव्या-निळ्या छटा त्या मापाबाहेरच राहिल्या.

थोडक्यात काय, 'बरोबर' म्हणजे कुणीतरी ठरवलेलं माप. असो.

संध्याकाळी मावशीकडे गेलो. फोटो बघून ती पैठणीबद्दल काहीच बोलली नाही. म्हणाली, "छान आहे रे, पण ही मी नाही. इतकी गोरी कधी होते मी?" एडिट करताना चेहरा मीच उजळवला होता, 'नीट दिसावा' म्हणून. आम्ही दिवसभर साडीवरून भांडलो, पण चेहऱ्याबद्दल एकानेही ब्र काढला नव्हता.

मग लॅपटॉप उघडला, तिला शेजारी बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.