शार्लट अमालिया : दोन राण्यांचे बंदर

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याकडील मुलांना क्रिकेट आठवते. पण त्या बेटांचा इतिहास क्रिकेटहून पुष्कळ जुना आहे आणि त्यात स्त्रियांच्या श्रमाचा वाटा मोठा आहे. त्यांपैकी एका बंदराची हकीकत भगिनींसाठी येथे देत आहे.

कॅरिबियन समुद्रात सेंट टॉमस नावाचे लहानसे डोंगराळ बेट आहे. डेन्मार्कच्या एका व्यापारी कंपनीने १६७२ साली तेथे वसाहत केली. डोंगराच्या कुशीत खोल, निवाऱ्याचे बंदर. त्याच्या काठच्या गावाला १६९१ साली डेन्मार्कच्या राणीचे नाव देण्यात आले, ते शार्लट अमालिया. साखर आणि गुलामांचा व्यापार यांवर हे गाव वाढले. ३ जुलै १८४८ रोजी गुलामगिरी संपली. परंतु पोटाचा प्रश्न तसाच उरला.

पुढे आगबोटींचे युग आले. अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटी येथे कोळसा घेण्यास थांबू लागल्या. हा कोळसा बोटीवर चढविण्याच्या कामात स्त्रियाच फार मोठ्या संख्येने होत्या. भरलेली टोपली डोक्यावर घ्यायची, फळीवरून बोटीवर चढायचे, रिकामी करून परत यायचे. मजुरी टोपलीमागे मिळे.

ती मजुरी मेक्सिकन चांदीच्या नाण्यांत दिली जाई. त्या नाण्यांचा भाव घसरला आणि दुकानदार ती पूर्ण किमतीला घेईनात. तेव्हा सप्टेंबर १८९२ मध्ये या बायांनी काम थांबविले आणि त्या गात, नाचत रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या पुढारीणीचे नाव कोझाया. लोक तिला 'राणी कोझाया' म्हणत. कष्टाचा पैसा बाजारात पुरता चालावा, एवढेच त्यांचे मागणे होते, आणि ते पदरात पडले. घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या आपणांस त्या मागणीचे मोल वेगळे सांगायला नको.

१९१७ साली डेन्मार्कने ही बेटे अमेरिकेला अडीच कोटी डॉलरला विकली. आज तेथे कोळशाच्या बोटी नाहीत. सहलीची प्रचंड जहाजे येतात. ती ज्या हेवनसाइट धक्क्याला लागतात, तो १९१२ साली स्थापन झालेल्या एका डॅनिश कंपनीने कोळसा पुरविण्यासाठीच उभारला होता.

प्रवासी उतरतात, तांबडा क्रिस्तियान किल्ला पाहतात, 'नव्याण्णव पायऱ्या' चढतात. मोजल्यास त्या एकशे तीन भरतात! जहाजांतून भार म्हणून आलेल्या विटांच्या त्या बांधल्या आहेत. मग मुख्य रस्त्यावरील जुन्या वखारींत थाटलेल्या दागिन्यांच्या दुकानांत खरेदी होते. या रस्त्याचे डॅनिश नाव 'ड्रोनिंगेन्स गाडे', म्हणजे राणीचा रस्ता.

ते नाव सिंहासनावरील राणीला उद्देशून पडले. पण कधी कोणी भगिनी त्या बंदरात उतरलीच, तर तिने धक्क्यावर क्षणभर थांबून दुसऱ्या राणीचीही आठवण काढावी.