मुक्त सॉफ्टवेअर आपल्यापर्यंत पोचलं कसं?

मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा ते लिहिणाऱ्यांबद्दल बोलतो. आज पोचवणाऱ्यांबद्दल बोलू. उपयोगी प्रोग्रॅम कुणीतरी लिहिला, सगळ्यांसाठी खुलाही केला. पण ज्याला गरज आहे त्याला तो सापडायचा कसा?

१९८५ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांचा जीएनयू ईमॅक्स हा मजकूर-संपादक लोक वापरू लागले होते. तो एमआयटीतल्या एका संगणकावर ठेवलेला होता. ज्यांच्याकडे नेटवर्क होतं, त्यांनी तिथून उतरवून घ्यायचा. पण नेटवर्क नसलेल्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी स्टॉलमन १५० डॉलरला टेप पाठवू लागले. आता तुम्ही म्हणाल, मग हे फुकट कुठे राहिलं? इथे मराठी आपल्या मदतीला येते. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. आपल्याकडे मोफत वेगळं, मुक्त वेगळं. टेपला पैसे पडत होते, पण ती हाती आल्यावर तुम्ही दहा प्रती काढून दहा जणांना दिल्या तरी अडवणारं कुणी नव्हतं.

ही गोष्ट लिनक्सच्या बाबतीत आणखी स्पष्ट दिसते. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपलं काम जाहीर केलं. त्याची पहिली अट कडक होती: वाटा, पण त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हाताळणीचा खर्चसुद्धा नाही. हेतू चांगलाच होता. पण फ्लॉपी काय फुकट मिळत होत्या? प्रती काढून देणाऱ्याने पदरमोड किती करायची? १९९२ मध्ये टोरवाल्ड्सने ती अट काढली आणि स्टॉलमन यांचा जीपीएल परवाना घेतला. त्यात विकायला मनाई नाही. मात्र घेणाऱ्यालाही तेच हक्क द्यावे लागतात. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन आले, आणि लिनक्सच्या सीडी विकणारे उभे राहिले. म्हणजे विक्रीला वाट दिल्यामुळे मुक्त सॉफ्टवेअर जास्त लोकांना मिळालं!

आपल्याकडे याचं महत्त्व जास्तच. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. पुढे ५६ के मोडेम आले. हिशेब करून बघा: ६५० एमबीची एक सीडी उतरवायला, लाइन पूर्ण वेगाने चालली आणि एकदाही तुटली नाही तरी, जवळजवळ २६ तास. फोनचं बिल वेगळंच! त्यामुळे लिनक्स आपल्याकडे अनेकांना भेटलं ते संगणकाच्या मासिकांबरोबर आलेल्या सीडीतून, नाहीतर मित्राने काढून दिलेल्या प्रतीतून. उबुंटूच्या सीडी तर २०११ पर्यंत मागणी केली की टपालाने घरी यायच्या, त्याही मोफत.

आता उतरवायला मिनिटं लागतात. अडचण उलटी झाली आहे: इतकं आहे, त्यातलं निवडायचं कुठलं? आम्ही तीन गोष्टी बघतो. परवाना कोणता आहे, शेवटची सुधारणा कधी झाली, आणि उद्या हे बंद पडलं तर आपला मजकूर दुसरीकडे उघडेल का? तिसरा प्रश्न मराठी माणसाला नवीन नाही. जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेली आपली कितीतरी पानं तो फॉन्ट नसेल तर आज नुसती अगम्य अक्षरं होऊन बसली आहेत. याउलट मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता हा युनिकोड फॉन्ट घ्या. खुल्या परवान्याखाली आहे. कुणीही वापरावा, सुधारावा, पुढे द्यावा.

तेव्हा आज घरी गेल्यावर एक करा. तुम्हाला उपयोगी पडलेलं एक मुक्त सॉफ्टवेअर शेजाऱ्याच्या, नाहीतर गावातल्या वाचनालयाच्या संगणकावर बसवून द्या. टेप गेली, सीडी गेली. पुढे द्यायचा हक्क अजून आपल्याकडे आहे, आणि तो वापरला तरच त्याला अर्थ आहे. इथे थांबू.