हॅस्लिंगडेनचा पगारी गडी

इंग्लंडच्या लँकशायर परगण्यात हॅस्लिंगडेन नावाचे एक लहानसे गिरणगाव आहे. आठवडाभर साच्यांच्या खडखडाटात राबायचे आणि शनिवारी दुपार झाली की क्रिकेटच्या मैदानाची वाट धरायची, हा त्या भागातल्या गावांचा जुना शिरस्ता. तिथल्या लीगमध्ये प्रत्येक क्लबाचा पगारी खेळाडू एकच. बाकीचे दहा जण गावातलेच हौशी. पगारी गड्याने पन्नास धावा केल्या की प्रेक्षकांमधून डबा फिरे आणि गिरणीतला कामगार आपल्या खिशातली नाणी त्यात टाकी. काम चोख तर दाम रोख!

१९५२ च्या उन्हाळ्यात या हॅस्लिंगडेनचा पगारी गडी होता आपला विनू मंकड.

आता वाचक विचारतील, त्याच उन्हाळ्यात विजय हजारेच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता, मग आपला सर्वांत मोठा अष्टपैलू खेळाडू एका गिरणगावात काय करीत होता? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर फारसे भूषणावह नाही.

विनू मूळचा जामनगरचा. जन्म १९१७ चा. जामनगर म्हणजे रणजींचे नवानगर, तेव्हा क्रिकेट तिथल्या हवेतच होते. पण या मुलाला घडविले ते कुठल्या राजपुत्राने नव्हे, तर बर्ट वेन्स्ली या ससेक्सच्या पगारी खेळाडूने. वेन्स्ली नवानगरला शिकवायला आला होता. विनूने वेगाचा नाद सोडून डाव्या हाताने संथ फिरकी टाकावी, हा सल्ला त्याचा. १९३६-३७ मध्ये नवानगरने रणजी करंडक जिंकला तेव्हा कर्णधार वेन्स्लीच होता आणि संघात विनू होता.

त्या काळी आपल्याकडे क्रिकेटवर पोट भरायचे म्हणजे एखाद्या संस्थानिकाच्या पदरी राहायचे. हुद्दा काहीही असो, काम खेळण्याचेच. मात्र संस्थानिकाची मर्जी हाच पगार, आणि मर्जीला करारपत्र नसते. विनू पश्चिम भारत, नवानगर, गुजरात, बंगाल, मुंबई आणि राजस्थान इतक्या संघांतून खेळला. त्याला कोणी फिरस्ता म्हणेल. मला त्यात फक्त एक संसारी माणूस दिसतो.

१९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने हजारावर धावा केल्या आणि १२९ बळी घेतले. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात बिल ब्राऊनचे प्रकरण घडले. चेंडू पडण्याआधीच ब्राऊन रेषा सोडून पुढे सरके. विनूने आधीच्या एका सामन्यात त्याला प्रथम ताकीद दिली, नंतर बाद केले. आणि डिसेंबरात सिडनीच्या कसोटीत पुन्हा तेच झाले. वृत्तपत्रांनी गहजब केला. खुद्द ब्रॅडमनने मात्र आपल्या आत्मचरित्रात विनूचीच बाजू घेतली. तरी असे बाद होण्याला इंग्रजी खेळात नाव चिकटले ते मंकडचे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यातलाच हा प्रकार. आमच्या लहानपणी गल्लीत असा कोणी बाद झाला की तंटा व्हायचा, पण ताकीद मिळालेल्याची बाजू घ्यायला त्याचा सख्खा भाऊही पुढे येत नसे. अखेर २०२२ मध्ये ‘अनुचित खेळ’ या नियमातून हा प्रकार काढून सरळ ‘धावचीत’ या नियमात घालण्यात आला.

आता १९५२ कडे येऊ. त्या वर्षी फेब्रुवारीत मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तोही इंग्लंडवर आणि एका डावाने. विनूने पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्यात ५३ धावांत ४ गडी टिपले. मालिकेत त्याचे ३४ बळी झाले. वीस वर्षे ज्या दिवसाची वाट पाहिली, तो दिवस या डावऱ्या हाताने दाखविला.

हॅस्लिंगडेनचे बोलावणे त्याला आलेले होतेच. विनूने मंडळाला विचारले, की दौऱ्यासाठी माझी निवड नक्की असेल तर मी तिकडे नकार कळवतो. तेवढे आश्वासन मला द्या. मंडळाने ते नाकारले. निवड होण्याआधी कोणालाही हमी देता येत नाही, हे मंडळाचे म्हणणे नियमाला धरून होते, हे कबूल केले पाहिजे. पण घर चालविणाऱ्या माणसाने हातातला करार कशाच्या भरवशावर सोडायचा? विनूने सही केली. संघ त्याच्यावाचून निघाला.

त्याचे फळ हेडिंग्लीला मिळाले. पहिल्या डावात विजय मांजरेकरने १३३ धावा काढल्या, हजारेने ८९, आणि सारे ठीक चालले आहे असे वाटले. मग दुसरा डाव सुरू झाला. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, मांजरेकर असे एकामागून एक चौघे परतले आणि धावफलकावर धावांच्या जागी शून्य! फ्रेड ट्रूमन नावाचा तरुण पहिलीच कसोटी खेळत होता. त्यातले तिघे त्याचे. आता मात्र मंडळाला विनूची आठवण झाली. त्याला मोकळा करा, म्हणून हॅस्लिंगडेनला विनंती गेली, आणि त्या क्लबाने आपला एकुलता एक पगारी गडी कसोटीसाठी सोडला.

लॉर्ड्सवर १९ जूनला विनू सलामीला उतरला. लीगमधल्या शनिवारच्या खेळातून तो थेट इथे आलेला. अर्ध्या तासाच्या आतच त्याने जेन्किन्सचा चेंडू समोरच्या पांढऱ्या पडद्यावरून पार भिरकावला. रॉयबरोबर १०६ ची सलामी, स्वतःच्या ७२. पण बाकीचे ढेपाळले आणि भारताचा डाव २३५ वर आटोपला. मग इंग्लंडने ५३७ केल्या. त्यात विनूने ७३ षटके टाकली आणि १९६ धावांत ५ गडी बाद केले. एवढे गोलंदाजीचे ओझे वाहून झाल्यावर तोच माणूस पॅड बांधून पुन्हा सलामीला आला. शनिवारी नाबाद राहिला, रविवारची विश्रांती घेतली, आणि सोमवारी हजारेच्या जोडीने २११ धावांची भागी पुरी केली. लेकरने त्याचा त्रिफळा उडविला तेव्हा त्याच्या १८४ झाल्या होत्या. कसोटीत तोवर कोणाही भारतीयाने इतक्या धावा केल्या नव्हत्या. शेवटी इंग्लंडला ७७ धावा हव्या होत्या. त्यातही विनूने २४ षटके टाकून अवघ्या ३५ धावा दिल्या. सामना इंग्लंडने आठ गडी राखून जिंकला, पण लोकांनी त्याला नाव दिले ‘मंकडची कसोटी’.

या सामन्यात आणखी एक गोष्ट होती. इंग्लंडचा कर्णधार लेन हटन होता. तोही पगारी. हौशी सभ्य गृहस्थांची परंपरा मोडून इंग्लंडने पगारी खेळाडूला नियमित कर्णधार केले ते याच मालिकेत. तोवर हौशी आणि पगारी खेळाडू वेगळ्या दारांनी मैदानात येत. धावपत्रिकेवर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी, पगारी खेळाडूची नंतर. ही सोवळीओवळी १९६२ पर्यंत टिकली. त्या जूनमध्ये मात्र एका बाजूला हटनने १५० धावा काढल्या, दुसऱ्या बाजूला विनूने १८४.

एकट्याने काय होते म्हणा! पुढच्या मँचेस्टरच्या कसोटीत भारताचे दोन्ही डाव, ५८ आणि ८२, एकाच दिवसात आटोपले, आणि विनूला दोन्ही वेळा दोन आकडे गाठता आले नाहीत.

त्याच वर्षी त्याने दिल्लीला पाकिस्तानविरुद्ध १३ गडी बाद केले, आणि मुंबईत तेविसाव्या कसोटीत हजार धावा व शंभर बळी पुरे केले. हा वेग १९७९ पर्यंत कोणाला साधला नाही. १९५६ च्या जानेवारीत मद्रासला रॉयबरोबरची ४१३ धावांची सलामी बावन्न वर्षे टिकली. १९५९ मध्ये ४४ कसोट्या खेळून तो थांबला. १९७८ मध्ये मुंबईत वारला.

त्याचा मुलगा अशोक १९६९ मध्ये कसोटीत आला आणि २२ कसोट्या खेळला. मुंबईकर त्याला अधिक ओळखत ते मुंबईचा आणि मफतलालच्या संघाचा खेळाडू म्हणून. तोपर्यंत इथल्या गिरण्या आणि बँका क्रिकेटपटूंना कायमच्या नोकऱ्या देऊ लागल्या होत्या. महिन्याच्या महिन्याला पगार घरी येई, आणि दौऱ्यावर जाताना नोकरीवर पाणी सोडावे लागत नसे.