वास्तू, फीत आणि विस्मृती : कोल्हापूरच्या चित्रपटेतिहासाची साधने

कोल्हापूरच्या चित्रपटाचा इतिहास मराठीत प्रामुख्याने व्यक्तींच्या आठवणींतून लिहिला गेला आहे. बाबूराव पेंटर, दामले, फत्तेलाल, शांताराम, भालजी पेंढारकर ही नावे, त्यांच्यातील गुरुशिष्यभाव, त्यांचे उद्योग आणि त्यांच्यातील ताटातुटी यांनी तो भरलेला आहे. या कथनातील एक मूलभूत अडचण सहसा नजरेआड होते. ज्या मूकपटांविषयी हे सारे बोलले जाते त्यांपैकी बहुतेक आज पाहावयास मिळत नाहीत आणि ते जेथे घडले त्या वास्तूंचेही फारसे काही उरलेले नाही. संहिता उपलब्ध नाही आणि स्थळही नाही, अशा अवस्थेत इतिहासकार नेमके कशाविषयी बोलत असतो, हा प्रश्न म्हणूनच विचारावयास हवा.

'सावकारी पाश' (१९२५) हे याचे ठळक उदाहरण होय. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील हा मूकपट भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ मानला जातो. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली होती. अंधूक उजेडातील झोपडी आणि तिच्याजवळ रडणारे कुत्रे हे त्यातील दृश्य पुनःपुन्हा वर्णिले गेले आहे. परंतु मूळ चित्रपट नष्ट झाला आहे. बाबूरावांनी १९३६ मध्ये तोच विषय बोलपटात पुन्हा हाताळला, तरी नवी कृती जुनीचा पर्याय ठरू शकत नाही. 'वास्तववादी' हा निर्णय समीक्षेने दिला तो मुख्यतः चित्रपट पाहिलेल्यांच्या आठवणींवर विसंबून.

अशी परिस्थिती मराठी अभ्यासकाला अपरिचित नाही. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत हरपली आणि शिष्यांनी स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा सिद्ध केला, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यातून निर्माण झालेल्या पाठभेदांचा विचार करण्याची शिस्त मराठी संशोधनाने मेहनतीने कमावली. स्मरणातून आलेला पाठ कोणाचा, केव्हाचा आणि कोणत्या हेतूने सांगितलेला, हे तेथे विचारले जाते. चित्रपटाच्या बाबतीत मात्र आठवण हीच संहिता मानली गेली आणि पाठचिकित्सेचा प्रश्न उपस्थितच झाला नाही.

या हानीस भौतिक कारणे आहेत. त्या काळातील ३५ मि.मी. फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. ती आपोआप कुजते, सहज पेट घेते आणि एकदा पेटल्यावर पाण्यानेही विझत नाही. शिवाय जुन्या फितींतील चांदी काढून घेण्याचा व्यवहार सर्वत्र चाले. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली, तेव्हा जतन केलेल्या ठेव्यापैकीही बराच भाग गेला. वास्तूंचे भागधेय याहून वेगळे नाही. भालजींचा जयप्रभा स्टुडिओ गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत भस्मसात झाला. त्यांनी तो पुन्हा उभा केला, तरी पुढे त्याच जागेच्या भवितव्यावरून कोल्हापुरात आंदोलने झाली. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच नंतरचे केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. केशवरावांच्या जयंतीची ती पूर्वसंध्या होती.

खरी कॉर्नर येथील स्मृतिस्तंभावर कॅमेऱ्याची प्रतिकृती आहे. स्मारकासाठी निवडले गेले ते यंत्र. आनंदराव आणि बाबूराव यांनी देशी कारागिरीतून कॅमेरा घडविला या पराक्रमाचा अभिमान रास्तच आहे. परंतु त्या कॅमेऱ्याने काय पाहिले, हे स्तंभ सांगू शकत नाही. रंगविलेल्या पडद्यांच्या जागी त्रिमितीय नेपथ्य आणणारे बाबूराव हे एका अर्थाने वास्तुकार होते. त्यांचे वाडे आणि झोपड्या चित्रीकरणापुरत्याच उभ्या राहिल्या आणि फितीबरोबर नाहीशा झाल्या.

येथे जपानमधील प्रयोगशील चित्रपटाकडे पाहणे उपयुक्त ठरते. १६ मि.मी. फीत १९२३ मध्ये आणि ८ मि.मी. फीत १९३२ मध्ये बाजारात आली. घरगुती वापराच्या या लघुमापी फितींसाठी सहसा न पेटणारा ॲसिटेट पाया वापरण्यात आला. १९६५ मध्ये फुजीने 'सिंगल-८' आणल्यावर जपानमध्ये स्टुडिओबाहेरच्या व्यक्तीलाही चित्रपट हाताळता येऊ लागला. ताकाशी इतो यांनी १६ मि.मी. वर केलेल्या 'स्पेसी' (१९८१) मध्ये शाळेच्या व्यायामशाळेची सुमारे ७०० छायाचित्रे एकापुढे एक मांडून ती रिकामी जागा गतिमान केली. 'थंडर' (१९८२) मध्ये निर्मनुष्य इमारतीच्या भिंतींवर एका स्त्रीची प्रतिमा उमटत राहते. या कृतींत पात्रांची गोष्ट नाही. जागा स्वतःच आशय होते आणि तिच्यातील अनुपस्थिती दृश्य होते.

या दृष्टीचा कोल्हापूरला उपयोग आहे, पण मर्यादेसह. ओस पडलेल्या वास्तूचे चित्रण तिच्या वैभवकाळाचा पुरावा होऊ शकत नाही. ते केवळ तिच्या परित्यक्त अवस्थेचा पुरावा असते. ही मर्यादा मान्य केली तरच असे चित्रण स्मृतिरंजनापासून वाचते. भग्न भिंतीवर जुन्या नायकाचा चेहरा आरोपित करणे सोपे आहे. ती भिंत कोणी, केव्हा आणि कोणत्या व्यवहारामुळे सोडून दिली हे नोंदविणे अवघड आहे.

प्रभात कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्यास गेली. तिची पुण्यातील वास्तू वाचली, कारण १९६० पासून तेथे चित्रपटशिक्षणाची शासकीय संस्था नांदू लागली. वास्तू टिकते ती नव्या वापरामुळे, हे यातून दिसते. कोल्हापुरात असा वापर पुरेसा घडला नाही. म्हणून येथील इतिहासलेखनाने दोन कामे प्रथम हाती घ्यावयास हवीत : 'मुरलीवाला' (१९२७) यासारख्या त्रुटित अवशेषांचे बारकाईने वाचन, आणि उरलेल्या जागांची आज दिसतात तशी, कालनिर्देशासह केलेली दृश्य नोंद. आठवणींची पाठचिकित्सा त्यानंतरच शक्य होईल. तोवर कोल्हापूरच्या मूकपटाविषयीचे प्रत्येक विधान हे ऐकीव पाठावरचे भाष्य आहे, याचे भान समीक्षेने बाळगावे.