उतरत्या आकड्यांची बढती

आमच्या बँकेत फोटो स्टुडिओवाले कर्ज मागायला येतात तेव्हा कारणाच्या रकान्यात बहुधा 'जुना कॅमेरा देऊन अधिक चांगला घेणे' असं लिहितात. 'अधिक चांगला' म्हणजे काय, हे विचारण्याचा अधिकार कारकुनाला नसतो. कुतूहल बाळगायला मात्र साहेबांची सही लागत नाही. कॉमर्स शिकलेल्या माणसाला मोठा आकडा दिसला की बरं वाटतं. पण फॅशनच्या फोटोंचा इतिहास चाळला, तर त्यातली सगळ्यात गाजलेली बढती आकडे उतरवत गेलेली दिसते. ती कशी, ते सांगतो.

सुरुवात पॅरिसपासून करू. 1911 साली एडवर्ड स्टायकेननं पोल प्वारे या शिंप्याच्या (त्याला शिंपी म्हटलेलं तिथं चालत नसे, पण काम तेच) पोशाखांचे फोटो काढले. आधुनिक फॅशन फोटोग्राफीचा जन्म बरेच जण तिथं धरतात. त्या काळचा स्टुडिओतला कॅमेरा म्हणजे तीन पायांवर उभी असलेली पेटी. फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं खुपसणार, काच घालणार, काच काढणार. समोरच्या बाईनं तोवर हलायचं नाही. 1939 साली हॉर्स्टनं पॅरिसमध्येच काढलेला, सुटलेल्या नाड्यांच्या कॉर्सेटमधल्या पाठमोऱ्या बाईचा फोटो जगप्रसिद्ध आहे. त्यातल्या शांततेत हॉर्स्टच्या नजरेचा वाटा मोठा. पण थोडा वाटा पेटीचाही असणारच. तिच्यापुढे उड्या मारून भागण्यासारखं नव्हतं.

त्याआधीच, 1929 साली, जर्मनीत रोलायफ्लेक्स नावाचा दोन डोळ्यांचा कॅमेरा निघाला होता. तो गळ्यात अडकवून वरून आत पाहायचं. त्यामुळं फोटोग्राफर सत्यनारायणाला बसल्यासारखा मान खाली घालून उभा. शिवाय आत डावं ते उजवं दिसे. पण पेटी सुटली आणि फोटोग्राफर हिंडू लागला. न्यूयॉर्कच्या रिचर्ड अॅव्हेडननं तो वापरला. अर्व्हिंग पेननं 1950 साली पॅरिसमध्ये नाटकाचा एक जुना पडदा मागं टांगून, खिडकीच्या उजेडात याच कॅमेऱ्यानं जे फोटो काढले, ते आजही संग्रहालयांत मानानं टांगलेले आहेत.

मग घोडं अडलं कुठं? भिंगात. रोलायफ्लेक्सचं भिंग कायमचं, जन्मगाठच म्हणा ना! नुसता चेहरा हवा असेल तर जवळ जावं लागे, आणि जवळ गेलं की नाक चेहऱ्याच्या पुढं चालू लागे. हजारो रुपयांच्या टोपीखाली असं नाक कोणत्या मासिकाला चालेल?

इथं स्वीडनच्या गोटेनबर्गचा व्हिक्टर हॅसलब्लाड प्रवेश करतो. हा पक्ष्यांचे फोटो काढणारा गृहस्थ. युद्धकाळात स्वीडिश हवाई दलानं हाती लागलेला जर्मन कॅमेरा त्याला दाखवून 'असा करशील का?' म्हणून विचारलं. त्यानं म्हणे, 'असा नाही, याहून चांगला करीन,' असं सांगितलं. युद्धानंतर 1948 साली त्यानं न्यूयॉर्कमध्ये आपला कॅमेरा मांडला. नाव 1600 एफ. पडदा सेकंदाच्या सोळाशेव्या भागात उघडून मिटणार म्हणून 1600. भिंग बदलता येई, फिल्मची डबीसुद्धा बदलता येई. फक्त तो पातळ पोलादी पडदा नव्या जावयासारखा वारंवार रुसे. म्हणून 1952 साली 1000 एफ आला. आणि 1957 साली आला 500 सी!

सोळाशे, हजार, पाचशे. आमच्याकडं ठेवीदाराचा व्याजदर असा उतरला असता तर काउंटरची काच शाबूत राहिली नसती. स्टुडिओवाल्यांनी मात्र हा पाचशे उचलून धरला, कारण त्यांचं घोडं वेगात अडलेलंच नव्हतं. ते फ्लॅशमध्ये अडलं होतं. फ्लॅशचा लखलखाट डोळ्याच्या पापणीपेक्षा चपळ. आधीच्या कॅमेऱ्यांत पडद्याची फट फिल्मवरून सरकत जाई. वेग वाढवला की फट अरुंद होई, आणि फ्लॅश उडाला की तेवढी पट्टीच उजळे. बाकीचा झगा अंधारात. वेग कमी ठेवला तर खोलीतला दुसरा उजेड आत शिरे आणि घेरदार झग्यामागं भुतासारखी सावली उमटे. 500 सी मध्ये पडदा भिंगातच बसवला. तो प्रत्येक वेगाला पुरता उघडे, पाचशेव्या भागातही. आता बाईनं खुशाल गिरकी घ्यावी!

अर्थात नावेची बाजूही लिहायला हवी. प्रत्येक भिंगात वेगळा पडदा, म्हणजे प्रत्येक सुनेबरोबर नवी शेगडी घेण्यासारखं. फोटो काढला की पुन्हा चावी फिरवीपर्यंत आत अंधार. एका डबीत फोटो बाराच. म्हणून शेजारी एक मदतनीस डब्या भरत बसलेला. पण पोलरॉइडची डबी लावून उजेड आधी तपासता येई, आणि हिशेब जमेकडंच झुके.

गंमत म्हणजे, हे सगळं मिळाल्यावर अॅव्हेडननं 1969 च्या सुमारास माणसांच्या चेहऱ्यांसाठी काय घेतलं? आठ बाय दहा इंची फिल्मची लाकडी पेटी! मान खाली घालून पाहण्याचा त्याला कंटाळा आला होता. पेटीशेजारी उभं राहिलं की समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालता येतात. त्याचं घोडं तिथं अडलं होतं, आणि ते पुढं न्यायला त्याला मागं जावं लागलं.

पुढं 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हॅसलब्लाडसारख्या कॅमेऱ्यांमागं लावायच्या पहिल्या डिजिटल पेट्या आल्या. रंगीत फोटोसाठी त्यातल्या काहींना लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे फोटो घ्यावे लागत. तोवर बाईनं हलायचं नाही! ऐंशी वर्षांची वाटचाल करून मंडळी पुन्हा 1911 मध्ये. अशी पेटी अत्तराच्या बाटल्यांना आणि चपलांना चालली, गिरकीला नाही.

ती अडचणही आता सरली. हॅसलब्लाड कंपनीनं 2024 साली काढलेली डिजिटल पेटी दहा कोटी ठिपक्यांची आहे, आणि ती 1957 च्या 500 सी ला मागून लावता येते. दुकानात गिऱ्हाईक दहा कोटींचा आकडा ऐकून हरखतं, तेही मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. पण ज्या डब्याला हे दहा कोटींचं इंजिन जोडायचं, त्याच्या नावातला आकडा अजून पाचशेच आहे. आणि तो कुणाचं तरी घोडं नेमकं कुठं अडलंय, हे विचारून ठरवलेला होता.