पलाई बँक आणि एक कलम

बँकिंग व्यवस्थेतील प्रणालीगत जोखीम, जिला हल्ली सर्रास ‘सिस्टेमिक रिस्क’ म्हटले जाते, हा विषय २००८ सालच्या जागतिक अरिष्टानंतर विद्यापीठांतून आणि मध्यवर्ती बँकांतून विलक्षण वाढला. एक बँक बुडाली की तिच्याबरोबर निरोगी बँकाही का डळमळतात, हा त्यातील मूळ प्रश्न. या प्रश्नाशी आपल्या प्रशासनाची गाठ मात्र फार पूर्वीच पडली होती. महाराष्ट्राबाहेर राहून निरनिराळ्या बँकांत बचत ठेवणाऱ्या वाचकांना ती हकिकत ठाऊक असावी, कारण आज आपल्या ठेवींना जे संरक्षण आहे त्याचा उगम तिच्यात आहे.

पलाई सेंट्रल बँक १९२७ साली मध्य त्रावणकोरच्या रबर पिकविणाऱ्या प्रदेशात स्थापन झाली आणि पुढे केरळमधील सर्वांत मोठ्या बँकांपैकी एक झाली. तिची कर्जे बुडीत चालली आहेत, हे १९५० च्या दशकातील तपासण्यांतून रिझर्व्ह बँकेला दिसले होते. तरीही ती बंद केली गेली नाही. त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक १९३८ साली कोसळली, तेव्हा त्या प्रदेशाने काय सोसले याची स्मृती ताजी होती. एवढी मोठी बँक बंद केली तर घबराट पसरेल, सुधारणेला वाव द्यावा, असा विचार झाला. अखेरीस ८ ऑगस्ट १९६० रोजी बँक अवसायनात काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेने केरळ उच्च न्यायालयात अर्ज केला आणि ज्या घबराटीच्या भीतीने इतकी वर्षे थांबणे झाले, ती पसरलीच. इतर बँकांच्या दारांतही ठेवीदारांची झुंबड उडाली. त्याच वर्षी अकोल्याची लक्ष्मी बँकही बुडाली होती.

रिझर्व्ह बँकेवर टीका दोन्ही बाजूंनी झाली. इतका उशीर का, असे काहींनी विचारले. बँक वाचविता आली असती, असे इतरांनी म्हटले. प्रशासनाच्या दृष्टीने पाहिले तर खरी उणीव निराळी होती. आजारी बँक चालू ठेवणे आणि तिला न्यायालयामार्फत बुडीत काढणे, या दोन टोकांच्या मध्ये त्वरेने वापरता येईल असे साधन कायद्याने दिलेलेच नव्हते.

आता संशोधनाकडे वळू. वॉल्टर बॅजट या इंग्रज लेखकाने १८७३ सालीच सांगितले होते की घबराटीच्या काळी मध्यवर्ती बँकेने चांगल्या तारणावर, चढ्या व्याजाने, पण सढळ हाताने कर्ज द्यावे. प्रश्न उरतो तो असा, की जिच्याजवळ केवळ रोकड नाही ती बँक कोणती आणि जिची मालमत्ताच आटली आहे ती कोणती? १९८३ साली डायमंड आणि डिबविग यांनी दाखवून दिले की बँक मागताक्षणी परत करायच्या ठेवी घेते आणि दीर्घ मुदतीची कर्जे देते. म्हणून सगळे एकदम धावले तर सुदृढ बँकही पडू शकते, आणि धावणारा प्रत्येक ठेवीदार आपल्यापुरता शहाणपणानेच वागत असतो. ठेवींचा विमा असेल तर धावण्याचे कारणच उरत नाही. त्याच वर्षी बर्नान्के यांनी मांडले की बँक बुडाली की कर्जदारांविषयी तिने साठविलेली माहितीही बुडते आणि अर्थव्यवस्थेची मंदी लांबते. या तिघांना २०२२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे २००० साली ॲलन आणि गेल यांनी बँकांच्या परस्पर ठेवींची वीण कशी आहे, यावर संसर्ग किती पसरेल हे कसे ठरते, ते दाखविले.

भारताने यातले काही धडे सिद्धांताची वाट न पाहता घेतले. पलाई बँक बंद झाल्यानंतर पुढच्याच महिन्यात बँकिंग कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ४५ नव्याने घातले गेले. त्यानुसार बँकेचे व्यवहार काही काळ स्थगित करून तिचे दुसऱ्या बँकेत सक्तीने विलीनीकरण करता येऊ लागले. १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा आला. दर ठेवीदारामागे मर्यादा १,५०० रुपये होती. अमेरिकेने १९३३ साली अशी योजना आणली होती. त्यानंतर ती स्वीकारणारा भारत हा दुसरा देश मानला जातो.

परंतु या साधनांच्या कक्षेत सगळे समानपणे आले नाहीत. सहकारी बँकांना ठेव विमा यथावकाश मिळाला, कलम ४५ मात्र मिळाले नाही. शिवाय त्यांच्यावर निबंधक आणि रिझर्व्ह बँक असे दुहेरी नियंत्रण राहिले. २००१ साली अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक शेअर दलालाला दिलेल्या कर्जांपायी कोसळली, तेव्हा गुजरातमधील अनेक नागरी बँकांच्या ठेवी तिच्यात अडकल्या. ॲलन आणि गेल यांच्या निबंधातील आकृतीच जणू प्रत्यक्षात उतरली.

पुढच्या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे व्यवहार स्थगित झाले, कलम ४५ खाली पुनर्रचना झाली आणि सुमारे पंधरवड्यात ठेवीदारांना आपले पैसे खुले झाले. मुंबईस्थित पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले. आरंभी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. तिथे ते कलम लागू नव्हते. ते सहकारी बँकांना २०२० च्या दुरुस्तीने लागू झाले आणि त्याच्याच आधारे जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत तिचे विलीनीकरण झाले. मोठ्या ठेवीदारांना त्यानंतरही हप्त्यांनी वर्षानुवर्षे थांबणे आले. एका वर्गाला पंधरवडा आणि दुसऱ्याला अडीच वर्षांजवळचा काळ, ही तफावत कायद्यातील साठ वर्षांच्या पोकळीने निर्माण केली. दरम्यान विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाखांवर गेली आणि निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याचे बंधन २०२१ साली आले.

आज रिझर्व्ह बँकेच्या वित्तीय स्थैर्य अहवालात बँकांच्या परस्पर देण्याघेण्याचे जाळे तपासले जाते. व्यवस्थेच्या दृष्टीने महत्त्वाच्या बँकांची यादी २०१५ पासून जाहीर होते. हे स्वागतार्हच आहे. मात्र जोखीम मोजता आली म्हणजे ती आवरता आली, असे नव्हे. पलाईची प्रकृती कागदोपत्री ठाऊक होती; हाती उपाय नव्हता. म्हणून नवी वित्तीय संस्था उभी राहते तेव्हा, ती बुडाल्यास कोणत्या कलमाने, किती दिवसांत आणि कोणत्या कार्यालयाने काय करावयाचे, हे तिला परवाना देतानाच ठरलेले असावे.