बंबवाल्याच्या कोटाचे वय

१९४४ च्या १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट झाला आणि अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी ह्याच दिवसांत देशभर सप्ताह पाळतात. भाषणे होतात ती धैर्यावर. धैर्याच्या अंगात जो कोट असतो, त्याविषयी कोणी बोलत नाही. मला आज त्या कोटावरच बोलायचे आहे. त्याचा इतिहास अमेरिकेत तपशिलाने लिहिलेला सापडतो, म्हणून तिकडे जाणे भाग आहे.

तिकडचा जुना बंबवाला रबरी किंवा जाड सुती कोट घाली. काजळीने काळा पडलेला कोट ही त्याची प्रतिष्ठा. स्वच्छ कोटवाला तो नवशिका. १९६० नंतर ड्युपॉन्ट कंपनीचा नोमेक्स धागा आला, आणि १९७५ साली नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने ह्या कपड्यांचे पहिले मानक काढले. कोट तीन पदरी झाला. बाहेरचा पदर ज्वाळेला तोंड देतो. मधला पातळ पापुद्रा बाहेरचे पाणी अडवतो, पण घामाची वाफ जाऊ देतो. आतला जाड पदर पोटात कोंडलेल्या हवेच्या बळावर उष्णता थोपवतो. हे तिन्ही पदर एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत, आणि सारी मेख तेथेच आहे.

वरच्या कापडाचा न जळण्याचा गुण धाग्याच्या घडणीतच असतो. तो धुऊन जात नाही. परंतु उन्हाने धाग्याचे बळ घटते. म्हणजे कोट जळत नाही, फाटतो! आतला पदर खांद्यावर, गुडघ्यावर दबून दबून चपटा होतो. मधला पापुद्रा शिवणीशी विरतो आणि कोणाला दिसतही नाही. मी गिरणगावात वाढलो. तेथे वायंडिंग खात्यातली बाईसुद्धा कापड चिमटीत धरून त्याचे आयुष्य सांगे. हा कोट चिमटीला दाद देत नाही. अस्तर उलटे करून त्यावर अल्कोहोल मिसळलेले पाणी ओतावे आणि ते झिरपते का पाहावे, ही त्याची एक परीक्षा.

शिवाय काजळीत विष असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली बंबवाल्याचा धंदाच कर्करोगकारक ठरवला. म्हणून कोट धुवायलाच हवा. आणि प्रत्येक धुलाई त्याला थोडे झिजवते.

२००८ च्या नियमाने कोटाला १० वर्षांची मर्यादा घातली, तीही शिवल्या दिवसापासून, वापरल्या दिवसापासून नव्हे. कपाटात पडून राहिलेला कोट का फेकावा, हा प्रश्न अगदीच खोटा नाही. धकाधकीच्या ठाण्यातला कोट त्याच्या कितीतरी आधी संपू शकतो. पण शिक्क्यावरची तारीख वाचता येते, झीज वाचता येत नाही. साहेबापुढे ठेवायला कामगाराच्या हाती असा एक आकडा असणे मला मोलाचे वाटते. लहान गावांतली स्वयंसेवक दले वर्गणीवर चालतात; शहरातले उतरलेले कोट पुष्कळदा तेथे जातात.

आता मधल्या पापुद्र्याकडे वळू. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात मानकात एक परीक्षा आली: हा पापुद्रा उघडा करून ४० तास अतिनील प्रकाशात ठेवायचा. तीत उतरण्यासाठी कारखानदार पीफास जातीची फ्लोरिनयुक्त द्रव्ये वापरीत. ती निसर्गात वर्षानुवर्षे विरत नाहीत, शरीरातही साठून राहतात. नोत्र दाम विद्यापीठाचे ग्रॅहम पीझली यांनी २०२० साली कोटांच्या कापडात ती मुबलक असल्याचे दाखवले. जो पापुद्रा सारा जन्म दोन पदरांमधल्या अंधारात काढतो, त्याला सूर्याची परीक्षा कशाला? बंबवाल्यांची इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ फायर फायटर्स ही १९१८ पासूनची संघटना; तिने हाच प्रश्न घेऊन मार्च २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात मानक काढणाऱ्या संस्थेवरच दावा लावला. कारखानदारांच्या सोयीसाठी ही परीक्षा ठेवली, हा तिचा आरोप. संस्थेने तो नाकारला.

त्याच राज्याने २०२४ साली कायदा केला: ही द्रव्ये मुद्दाम घातलेले कोट १ जानेवारी २०२७ पासून विकायचे नाहीत. त्याच्या आदल्या दिवशी विकला गेलेला कोट मात्र पुढची कित्येक वर्षे ठाण्याच्या खुंटीवर असू शकेल.